रिव्हॉल्व्हर, पिस्तूल आणि तिसरा पावणा

घरात एक हत्यार पाहिजे, असं मी ठरवलं ते निव्वळ बायकोच्या हसण्यामुळं.

त्याचं असं झालं. गडमुडशिंगीच्या अलीकडं नवीन प्लॉट पडलेत, तिथं आम्ही बंगला बांधला. (बंगला म्हणजे तीन खोल्या आणि गच्ची. पण गेटवर नाव मोठं हाय.) मागं सगळा ऊस. मागच्या वर्षी गल्लीतली दोन घरं भरदुपारी फुटली आणि आमच्या अस्मिताची झोप उडाली. तिचा सगळा जीव तिच्या कोल्हापुरी साजात. आईनं लग्नात घातलेला.

"साज गेला तर मी माहेरी गारगोटीला तोंड दाखवणार न्हाई," ती म्हणाली.

"मी हाय की!" मी म्हणालो.

त्यावर ती जी हसत सुटली, ती गॅसवरचं दूध उतू गेलं तरी थांबेना. झालं! मी कॉलेजच्या ऑफिसात हेडक्लार्क. अर्ज आणि हेलपाटे यात मला कोण हरवणार? वर्षभर पिच्छा पुरवला आणि लायसन्स मिळवलं.

आता प्रश्न एकच उरला. रिव्हॉल्व्हर घ्यायचं का पिस्तूल?

यावर सल्ला घ्यायला रविवारी मटणाचा बेत केला. (कोल्हापुरात कोरड्या तोंडानं कुणी सल्ला देत नाही.) गारगोटीहून मेहुणा अमरसिंह आला. शेजारचे धम्मपाल आले. ते बँकेत मॅनेजर, पण मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून निम्मे कर्नल झालेत. जेवणं झाली, अस्मिता गच्चीवर मिरच्या गोळा करायला गेली आणि आमचं सुरू झालं.

"दाजी, डोळं झाकून रिव्हॉल्व्हर घ्या," अमरसिंह म्हणाला. "सहा गोळ्या. एक फुसकी निघाली तर परत चाप ओढायचा, पुढची तयार!"

"आणि सहा संपल्यावर? चोराला म्हणायचं का, थांब बाबा, भरतो?" धम्मपाल म्हणाले. "दत्ताभाऊ, पिस्तूलच घ्या. गोळ्या संपल्या की भरलेलं मॅगझिन खटक्यात बदललं, झालं."

मी मान डोलावली. (मी दोघांनाही मान डोलावत होतो. नोकरीची सवय.) प्रात्यक्षिकासाठी स्वयंपाकघरातला गॅसलायटर पिस्तूल म्हणून मी घेतला आणि चकलीचा सोऱ्या रिव्हॉल्व्हर म्हणून अमरसिंहाला दिला. आवाज इतका चढला, की पलीकडच्या रानातली म्हैस हंबरायला लागली.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातनं कुणीतरी करवादलं, "अवो पावणं, काय बोलताय ह्ये! पिस्तुलाची सेफ्टी कोण काढणार? स्लाइड कोण ओढणार? तवर चोर बिंदू चौकात पोचंल की!"

बघतो तर खांद्याला पिशवी लावलेला एक गडी. मला वाटलं, हा अमरसिंहाबरोबर आलेला. अमरसिंहाला वाटलं, धम्मपालांचा कुणी. धम्मपालांना वाटलं, आमच्या सासरवाडीचा. पिशवी घेऊन घरात आलेल्या माणसाला 'तुम्ही कोण?' विचारायची आपल्याकडं पद्धत न्हाई.

"या, बसा की! जेवला का?" मी म्हणालो.

"न्हाई, घाईत हाय."

"घाई कसली? तांबडा रस्सा हाय अजून."

तो घुटमळला. पण रस्सा समोर आल्यावर बसला. दोन वाट्या रस्सा ओरपत त्यानं धम्मपालांना असं काही गप्प केलं, की मी जागेवरच रिव्हॉल्व्हर नक्की करून टाकलं.

अस्मिता सुपात मिरच्या घेऊन खाली आली आणि दारातच किंचाळली, "अहो! ह्याच्या पिशवीतनं माझा साज लोंबतोय!"

खरंच लोंबत होता. (आम्हां तिघांना कसा दिसला नाही म्हणून विचारू नका. आम्ही सेफ्टीचा विचार करत होतो.)

मी ताडकन उठलो. लायटर रोखला. "हात वर!" खट.

"दाजी, त्यात गोळी कुठाय?" चोर म्हणाला आणि मागच्या दाराकडं पळाला. मी आडवा गेलो, माझ्याच लुंगीत माझा पाय अडकला आणि अख्खा मी त्याच्यावर आदळलो.

"आई गं! मेलो! पोलिसांना बोलवा की कुणीतरी!" हे तोच ओरडत होता.

पोलीस येईपर्यंत मी त्याच्या पाठीवरनं हललो नाही. आणि काय सांगू महाराजा! संध्याकाळी हलगी काय, फेटा काय, गुलाल काय! कोपऱ्यावर डिजिटल बोर्ड लागला, 'गल्लीचा ढाण्या वाघ'. सासरेबुवांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःहून फोन केला आणि मला 'जावईबापू' म्हणाले. मी फेटा काढायला तयारच नव्हतो.

जेवायला बसलो तेव्हा अस्मिताच्या गळ्यात साज होता. माझ्याकडं बघून हळूच म्हणाली, "आता रिव्हॉल्व्हर नको आणि पिस्तूलबी नको."

"का गं?"

"तुम्ही हाय की!"

खोटं कशाला सांगू, डोळ्यांत पाणी आलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हे वाक्य तिच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं. छाती फुगवून मी जिंकल्यासारखं ताट बाजूला सारलं.

तिनं ते परत पुढं ओढलं आणि आणखी दोन भाकरी वाढल्या.

"खावा गुमान. तुमचं वजन उतरलं, तर पुढच्या चोराला धरायचं कशानं?"