भिकाजीपंतांच्या अंगणातील बैल

श्रीशारदेस दंडवत, आणि जी उशिरा प्रसन्न होते त्या स्मरणशक्तीस दोन दंडवत. शके सोळाशे चौऱ्याऐंशी, चित्रभानु नाम संवत्सरे, कोणे एके राज्यी हुजुरांचे मनात आले की जकातीचे नवे कायदे कारकून मंडळीस मुखोद्गत असावे. मग हुकूम सुटला की चाळिशी उलटलेल्यांनीही परीक्षा द्यावी, आणि जो न उतरेल त्याने बायकामुले मागे ठेवून खाडीपलीकडील नाक्यावर रुजू व्हावे. ते समयी दफ्तरी भिकाजीपंत चौबळ म्हणोन कारकून होते. वय पंचेचाळीस, अक्षर मोत्यासारखे, परंतु घोकलेले डोक्यात ठरेना. पहाटे घोकिले, जेवताना घोकिले, आणि संध्येस बसून केशवाय नमः म्हणता म्हणता मिठाची जकात निघाली, तेव्हा कुटुंब यशोदाबाई बोलिल्या, "अहो, देवाकडून कसली वसुली करता?" मग बाईंनी सांगितले की तुम्हांस माणसाचे नाव ध्यानी राहत नाही, पण त्याच्या पागोट्याचा रंग वर्षभर राहतो; तरी कायदे डोळ्यांनी शिकावे. पंतांस मानवले. मग गेरू व रांगोळी घेऊन अंगणात जकातीचे नाके मांडिले, आणि मिठाचा बैल पांढरा काढिला, तेलाचा काळा, शिंगांवर दराइतक्या रेघा, आणि देवस्थानचा माल माफ म्हणोन तो बैल हसता दाखविला. शेजाऱ्यांनी कुंपणावरून पुसले की पंत, या वयात बैल? पंत मान खाली घालून शिंगे काढीत राहिले.

दुसरे दिवशी पाहतात तो अंगण सारवलेले, बैल नाहीत. पंत संतापले. बाई बोलिल्या, "बैलांसाठी अंगण पारोसे ठेवू? पुन्हा काढा." मग रोज बाईंनी सारवावे आणि रोज पंतांनी आठवून काढावे, असे चालले, आणि पंतांचे ध्यानी आले की नुसता पाहिला तर बैल ओळखीचा वाटतो, काढू गेले म्हणजे कळते की शिंगे ठाऊकच नव्हती.

परीक्षेत पंतांनी डोळे मिटून हवेत बोट फिरविले. परीक्षा घेणाऱ्या दिवाणसाहेबांस वाटले, बाधा झाली. परंतु उत्तरे बिनचूक आली, आणि नाका टळला. घरी बाईंनी नाक्यासाठी बांधून ठेविलेले गाठोडे सोडिले.

मग हुजूर खुश होऊन तेच बैल कचेरीच्या भिंतीवर पक्क्या रंगात उतरविते झाले, की सर्वांनी येता जाता पाहावे आणि शहाणे व्हावे. सर्वांनी पाहिले. पुढील साली पुन्हा परीक्षा झाली, तीत बहुतेक मंडळी पडली. दिवाणांनी कारण पुसले, तेव्हा पंत हात जोडून बोलिले, "साहेब, भिंत रोज पुसावी लागेल, आणि ज्याला त्याला बैल आठवून पुन्हा काढावे लागतील."

दिवाण बोलिले, "पंत, सरकारी खर्चाने झालेले काम पुसले, तर झाले काय म्हणोन दाखवावे?"

मग तोड निघाली ती ऐसी, की बैल राहिले आणि माणसे खाडीपलीकडे गेली.

तात्पर्य, राज्यात चित्रे उत्तम आहेत, रंग अद्याप ताजा दिसतो, आणि नाक्यावर माणसांची टंचाई नाही. इति.