जिल्हा प्रणालीची समांतर बांधणी

यवतमाळ जिल्ह्यातील शाळांची स्वतःची संगणक प्रणाली असावी, असे एका समितीत ठरले. प्रणाली म्हणजे संगणकाला जागे करणारी मूळ व्यवस्था. ती हजारो तुकड्यांतून बांधावी लागते. तिच्याविना झरी जामणीच्या एका शाळेतले नवे संगणक काळे पडदे घेऊन बसले होते, आणि सोमवारी तिथल्या विद्यार्थिनी मैत्रेयीच्या वर्गाची संगणकावर प्रात्यक्षिक परीक्षा होती.

बांधणीचे काम धम्मरत्नकडे होते. कार्यालयप्रमुख नीळकंठराव पाहणीस आले.

"यंत्रात आठ कामकरी आहेत म्हणता, मग एकच का राबतो?"

"आठही लावतो, साहेब. आठ चुली असल्या तं वरण, भात, भाजी एकदमच शिजते."

यंत्राचे आठही भाग एकदम तुकडे बांधू लागले. वेग पाहून साहेब हरखले. मग त्यांच्या लक्षात आले की काही कामकरी मध्येच थांबतात.

"हे कोणाची वाट पाहतात?"

"आधीच्या तुकड्याची. ज्वारी दळल्याबिगर भाकर कशी थापता येईन?"

"कार्यालयात वाट फक्त जनतेने पाहायची असते!"

प्रतीक्षा रद्द केल्याचा आदेश निघाला. धम्मरत्नने बांधणीच्या सूचनांतल्या, काय आधी, काय नंतर हे सांगणाऱ्या सगळ्या ओळी पुसल्या. कामकरी सुसाट सुटले आणि न बनलेले तुकडे एकमेकांना जोडू लागले. पडदा चुकांनी लाल झाला.

"फसलं, साहेब. पहिल्यापासून करा लागते."

"कशाला? प्रणाली तर सकाळीच प्रसिद्ध झाली."

साहेबांनी तीच पद्धत कार्यालयालाही लावली होती. एका टेबलावर बांधणी, दुसऱ्यावर चाचणी, तिसऱ्यावर उद्घाटन, चौथ्यावर परीक्षा, सगळे एकाच वेळी. चाचणीत एकही दोष आढळला नाही, कारण तपासायला काही नव्हते.

तेवढ्यात शाळेतून शिक्षिका सुचित्राबाईंचा साहेबांना फोन आला. "सर, पडदे काळेच आहेत. परवा परीक्षा आहे हो."

"परीक्षा झाली, बाई. मैत्रेयी पहिली आली."

"अहो, तिनं अजून चालू संगणक पाह्यला नाही!"

"म्हणूनच तिची एकही चूक झाली नाही."

मैत्रेयीने बाईंच्या हातून फोन घेतला. "साहेब, मंग मले शिकवून कधी राह्यले?"

"शिकवणे पाचव्या टेबलावर आहे, बाळ. ते पद रिक्त आहे."

सदर प्रकाराबाबत वाचकांपैकी कोणास तक्रार करावयाची असल्यास, ती कालच निकाली काढली असून आपले पूर्ण समाधान झाल्याची नोंद घेतली आहे. तक्रार आता सवडीने करावी.