रिकाम्या बूथमधला दिवा

"आज त्या बाहुल्यांना हरवलं नाही ना, तर नाव बदलून टाकेन!"

हे वाक्य टिचकीचं. टिचकी म्हणजे आमची मैत्रीण. जेवताना ताटावर, बोलताना टेबलावर, कुणी रडत असेल तर त्याच्या पाठीवरसुद्धा हिची बोटं ठेका धरतात, म्हणून टिचकी! कानाच्या दवाखान्यात कानतपासणी करते. तिचं काम कसं, तर पेशंटला बूथमध्ये बसवायचं, डोक्यावर हेडफोन, हातात बटण. बाहेरून टिचकी मशीनवर बारीकसा 'टूं' सोडणार, आत तो ऐकू आला की पेशंट बटण दाबणार, आणि बाहेर मशीनवर लाल दिवा लागणार. संपलं!

पण तो बूथ, बाबा रे! आतून सगळा स्पंजचा, दार फ्रिजसारखं जाड. दार लागलं की जगाचा कुणीतरी उशीखाली दाबून जीव घेतल्यासारखं वाटतं. आपण थुंकी गिळली तरी दचकतो! बाहेर आलेले पेशंट आधी स्वतःशी दोन शब्द बोलून बघतात, आपण आहोत ना अजून म्हणून.

तर तो टिचकीच्या प्रोबेशनचा शेवटचा दिवस. मॅडमनी, म्हणजे मोठ्या डॉक्टरांनी, सकाळीच बजावलेलं, "कायम करायचं की घरी पाठवायचं, ते संध्याकाळी सांगेन. तोवर तो गेमचा डबा मला दिसता कामा नये."

आता टिचकीने तो हातात धरून खेळायचा डबा घरी ठेवावा की नाही? पण त्यातला तो जपानी गेम! विहिरीच्या काठावर पांढऱ्याफटक तोंडाच्या बाहुल्या रांगेत बसलेल्या. मागून एक बाई किंचाळते, "सेऽऽनो!" की पुढच्या ठोक्याला बटण दाबायचं, मग सगळ्या बाहुल्या एकदम मान वळवतात. बस, एवढंच! का वळवतात, विहिरीत काय आहे, कुणी सांगत नाही. आणि ठोका चुकला की त्या बाहुल्या काही करत नाहीत. नुसत्या आपल्याकडे बघतात. उसनं नेलेलं भांडं परत न करणाऱ्या शेजारणीकडे बघावं तशा!

दुपारी जेवणाचा डबा धुऊन टिचकी खोलीत आली. बूथचा लाइट चालूच! "कोण वीज जाळतंय?" म्हणत तिने बाहेरचा स्विच खट्कन बंद केला. आत डोकावायचे कष्ट कोण घेतंय? बूथची काच काळी पडली.

मशीनच्या मागे एक भोक असतं, पेशंटला रेकॉर्ड केलेले शब्द ऐकवायला. टिचकीने त्यात गेमची वायर खुपसली आणि आपला हेडफोन कानाला लावला. आवाज आत बूथमध्येही जाणार होता. जाऊ दे की! खुर्चीला थोडेच कान असतात?

"सेऽऽनो!" टक. "सेऽऽनो!" टक. हात असा बसला होता म्हणता!

आणि मशीनवरचा लाल दिवा लागला.

टिचकीने डोळे चोळले. "सेऽऽनो!" टक, दिवा. पुन्हा टक, पुन्हा दिवा. अगदी ठोक्यावर! घाबरून तिचा एक ठोका चुकला. सगळ्या बाहुल्यांनी वळून तिच्याकडे पाहिलं. दिव्याचा मात्र चुकला नाही! तिने बटणावरचा अंगठाच काढून घेतला. "सेऽऽनो!" दिवा लागलाच.

तिने काचेत पाहिलं. आतून एक पांढरंफटक तोंड तिच्याकडे बघत होतं. ते तिचंच होतं, पण हे कळेपर्यंत ती मागे सरकून खुर्चीवर आपटली ना!

तेवढ्यात फरशी पुसायला मावशी आल्या.

"मावशी, बूथमध्ये कुणीतरी आहे!"

"मग लाइट लाव की!"

"तुम्ही लावा!"

"मी का लावू? पगार तुला जास्त आहे!"

शेवटी दोघींनी माइकवरून विचारायचं ठरवलं. टिचकीने गेम बंद केला आणि माइकशी तोंड नेलं. "कोण... कोण आहे?"

दिवा गप्प.

"अगं, बटणानं नाव कसं सांगेल?" मावशी कुजबुजल्या. "होला एकदा, नाहीला दोनदा, असं सांग त्याला."

टिचकीने तसं सांगितलं. "बाई आहेस?"

लागला. परत लागला.

"पुरुष?"

एकदा. मावशींनी उगाचच केस सारखे केले.

"त्रास होतोय?"

एकदा. बराच वेळ लागून राहिला.

"सुटका हवीय?"

दिवा लागला, लागला, लागला, नुसता पिसाळल्यासारखा लागला! आणि फट्कन थांबला.

टिचकीने माइक दोन्ही हातांनी धरला. "आत... एकटाच आहेस ना?"

काही नाही. भिंतीवरचं घड्याळसुद्धा हळू चालल्यासारखं वाटलं. मग सावकाश, अगदी सावकाश, दिवा लागला. विझला. आणि पुन्हा लागला.

मावशींनी जी किंकाळी फोडली! मॅडम धावत आल्या.

"काय चाललंय? आणि पेशंटला अंधारात का ठेवलंय?"

"पे-पेशंट?"

"तू डबा धुवायला गेलीस तेव्हा मीच बसवून गेले, फोन आला म्हणून!"

मॅडमनी लाइट लावून दार ओढलं आणि आतून रांगत, घामाने निथळत बाहेर आले ते ड्रायव्हर काका. महिनोन् महिने चकरा मारत होते. म्हणे दोन्ही कान ठार गेले, बस चालवणं जमत नाही, डेपोत बसून करायचं काम मिळेल असं लिहून द्या.

"मॅडम, आत बाई बोलते!" काकांनी बूथकडे बोट दाखवलं. "आधी कुठल्याशा भाषेत किंचाळत होती. मी नको नको म्हणतोय, तरी अंगठा आपला ठोक्याला दाबतोय! मग आपल्या भाषेत आली, सुटका हवी का म्हणे! मी ओरडलो तर माझा आवाज मलाच पुरेना!"

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "काका, हे सगळं कुठल्या कानाने ऐकलंत?"

काकांनी उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं.

"जरा मोठ्यानं बोला हो. ऐकू येत नाही."

मग मॅडमना ती वायर दिसली. त्यांनी ओढली, तर टेबलाखालून बाहुल्यांचा डबा बाहेर! टिचकीने डोळे मिटून घेतले. गेली नोकरी!

"महिनोन् महिने मी या माणसाला पकडायला बघतेय," मॅडम म्हणाल्या. "मशीनला जमलं नाही ते तू केलंस. आजपासून तू कायम!"

टिचकी हवेतच! मॅडम फोनवर बोलायला लागल्या आणि ती उदार मनाने काकांना दारापर्यंत सोडायला गेली. "माफ करा हं काका. पण तुम्हीही कमाल केलीत! शेवटी एकटा नाही म्हणून सांगितलंत, आमचा जीवच गेला!"

चप्पल चढवता चढवता काका थांबले. "मी?"

"एकटा आहेस का विचारलं, तर दोनदा दाबलंत ना!"

काकांचा चेहरा उतरला. "पोरी, तो प्रश्न ऐकला मी. पण बटण तर आधीच घामानं हातातून निसटलं होतं. मी दोन्ही हातांनी भिंत चाचपत दार शोधत होतो."

टिचकी तश्शी पळत मागे आली. "मॅडम, ते कायम करायचं... जरा विचार करून सांगू का?"

मॅडमनी नीट न ऐकताच फोनवर हात ठेवला. "आभार नंतर मान गं. पुढचा पेशंट आलाय. आधी आत जा आणि ते बटण उचल, कोपऱ्यात पडलंय."