वेलचीच्या डब्यातली कॅसेट

आमच्या गल्लीत कुणाचं ऑपरेशन झालं, कुणाची बदली झाली किंवा कुणाचं ठरलेलं लग्न मोडलं, की दुसऱ्या दिवशी उजागरे काका स्टीलचा डबा घेऊन दारात उभे राहतात. डब्यावर ‘तूरडाळ’ असं लिहिलेलं असतं. घरातल्यांना वाटतं, शेजारधर्म म्हणून डाळ आणली. झाकण उघडलं की आतून तीन कॅसेट, दोन सीडी आणि एक कागद निघतो. कागदावर लिहिलेलं असतं: ‘जेवणानंतर. अर्धा तास. एकट्याने.’

काका डॉक्टर नाहीत. आधी रोलिंग मिल आणि मग शहराबाहेर सिलतऱ्याचा एक कारखाना, अशी सगळी उमर त्यांनी मशिनी दुरुस्त करण्यात घालवली. निवृत्त झाल्यापासून ते माणसांकडे वळले. औषध एकच, ख्रिस्ती संगीत. पण त्यात इतके प्रकार असतात हे आमच्या गल्लीला त्यांच्यामुळेच कळलं.

गाणी डब्यात राहायला गेली ती कारखान्यांच्या धुळीमुळे. आमच्याकडे खिडकी उघडी राहिली तर संध्याकाळपर्यंत पांढरी चादर राखाडी होते. एकदा काकांनी कपाटातली एक कॅसेट पुसली आणि रुमाल काळा झाला. त्याच दुपारी त्यांनी स्वयंपाकघरातले सगळे डबे रिकामे केले. ते डबे काकूंनी लग्नानंतर गोल बाजारातून एकेक करून घेतलेले. दुकानदाराकडून त्यांवर टिंबांटिंबांनी नावं कोरून घेतलेली.

“लोकायच्या घरी डाळ डब्यात अन् गाणे कपाटात राह्यते,” काकू येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात. “आमच्या घरी डाळ पिशवीत.”

नावं पुसता येईनात, म्हणून काकांनी गाणीच नावांप्रमाणे लावली. ‘तांदूळ’मध्ये पेटी-तबल्यावरची मराठी ख्रिस्ती भजनं, कीर्तनाच्या अंगाने गायलेली. “हे रोजचं. पोट भरते, कंटाळा येत नाही.” ‘तूरडाळ’मध्ये ऑर्गन आणि चार आवाजांत गाणारा मोठा गायकवृंद, आजारी माणसाला पचतो. ‘राजमा’मध्ये अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या चर्चमधली गाणी. त्यातली एक बाई अशी गाते, की नदीच्या पलीकडच्या माणसाला हाक मारते आहे असं वाटतं. ‘पोहे’मध्ये जशपूरकडच्या आदिवासींची, मांदर ढोलाच्या तालावरची; ऐकताना पाय आपोआप हलतात. ‘तिखट’मध्ये इलेक्ट्रिक गिटार. त्यातला एक अल्बम मी दहा मिनिटं ऐकला तेव्हा कुठे कळलं, की हा माणूस भांडत नाही, प्रार्थना करतो आहे. आणि ‘मीठ’मध्ये मठातल्या साधूंचं लॅटिन गायन. वाद्य नाही, काही नाही. “हे थोडंच घ्या,” काका बजावतात. “पन त्याच्याबिगर कशालेच चव नाही.”

समोरच्या साहू आंटींना झोप येत नव्हती, त्यांना ‘मीठ’ मिळालं. आठवड्याने त्या खूश होऊन म्हणाल्या, “भैया, दो मिनट में नींद आ जाती है।” काका दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. झोपेचं औषध म्हणून दिलं होतं हे खरं, पण दोन मिनिटांत म्हणजे अपमानच.

माझे बाबा रेल्वेतून निवृत्त झाले आणि दिवसभर पलंगावर पडून राहायला लागले, तेव्हा काकांनी त्यांना ‘तिखट’ आणून दिलं. आमचं घर बौद्ध. बाबांनी डबा हातात धरूनच विचारलं, “उजागरे, हे आमाले चालते का?”

“चौदा एप्रिलले तुमचे भीमगीतं माह्या घरापर्यंत येते. मी कधी खिडकी लावली का?”

बाबांनी डबा ठेवून घेतला.

काकांची ऐकण्याची पद्धतही कारखान्यातली. पेचकसाचं, म्हणजे स्क्रूड्रायव्हरचं, टोक टेपरेकॉर्डरच्या अंगाला लावायचं आणि त्याची लाकडी मूठ दातात धरायची. फिटर लोक बेअरिंगचा आवाज असाच तपासतात म्हणे. “कान फसवते, हाड फसवत नाही,” असं सांगण्यापुरती ते मूठ तोंडातून काढतात आणि परत घालतात. देवाचं गाणं चालू असताना डोळे मिटून, तोंडात पेचकस धरून बसलेला दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

डबा घेणं सोपं. परत करणं अवघड. तो दुसऱ्याच्या हाती पाठवता येत नाही. स्वतः जावं लागतं, लाल प्लास्टिकच्या खुर्चीवर बसावं लागतं आणि मग काका समोर येऊन विचारतात, “बोल, काय ऐकलं?”

‘छान होतं’ हे उत्तर चालत नाही. “छान त भजेबी राह्यते,” काका म्हणतात. आधी कोणतं वाद्य आलं, बासरी की व्हायोलिन? गाणाऱ्या बाईने श्वास कुठे घेतला? मागचे लोक टाळी कुठे चुकले? आणि आपण सांगत असताना ते एकटक आपल्या तोंडाकडे बघतात. आपण खोटं बोलतो का ते बघत असावेत, असं मला वाटायचं.

मी मुळात कमी बोलते. शाळा इंग्रजी, गल्ली हिंदी आणि घर मराठी, त्यामुळे मला तिन्ही भाषांत गप्प बसायची सवय लागली. माझं कामही तसंच आहे. घरी बसून, हेडफोन लावून लोकांच्या मुलाखती ऐकायच्या आणि टाइप करायच्या. माणूस मध्ये थांबला तर कंसात ‘थांबतो’ लिहायचं, हसला तर ‘हसतो’. पहिल्यांदा ‘राजमा’ परत करताना मी उत्तर मोबाइलवर लिहून पाठवलं होतं, चांगले दोन परिच्छेद. काकांनी ते वाचलं आणि मला बोलावून घेतलं. “अक्षर कळले. आता तोंडानं सांग.” मी सांगितलं. ते म्हणाले, “मोठ्यानं.” मी परत सांगितलं. ते काकूंकडे वळून म्हणाले, “पोट्टी मनातल्या मनात परीक्षा देऊन राहिली.”

गेल्या हिवाळ्यात त्यांनी मला सगळ्यात लहान डबा दिला. त्यावर ‘वेलची’ लिहिलं होतं. आत एकच कॅसेट, आणि तिला अजून वेलचीचा वास.

“हा कुठला अल्बम, काका?”

“दुकानात नाही भेटत. आमच्या चर्चच्या लोकायनं गायलेला. माह्या लग्नाच्या आधीचा. हे एकच कॅसेट उरली.”

“पण मला काही झालेलं नाही.”

“तुह्यासाठी नाही, मले पायजे. तिसरं गाणं. दुसऱ्या कडव्याच्या आधी थोडी जागा सुटते. तिथं काय आहे, तेवढंच सांग मले. रविवारच्या आत.”

रविवारी त्यांच्या चर्चचे सेक्रेटरी ती कॅसेट न्यायला येणार होते. कंप्यूटरवर घालून खरखर, खोकले, खुर्च्यांचे आवाज, सगळं पुसून ते नवी, स्वच्छ सीडी काढणार होते.

मी काकांच्याच छोट्या टेपरेकॉर्डरला माझे हेडफोन लावले. गायन साधं होतं, पण मनापासून केलेलं. तिसऱ्या गाण्यात पहिलं कडवं संपलं. मग ‘धप्’ असा आवाज आला. त्याच्या पाठोपाठ कुणीतरी हसलं. मी टेप मागे घेतली. परत धप्, परत हसू. बाईचं, एकदम फुटलेलं आणि लगेच दाबलेलं. सवयीने मी कागदावर कंस काढून ‘हसते’ असं लिहिलंही.

आणि मग मला प्रश्न पडला. हे त्यांना सांगायचं कसं? ज्या माणसाने ही कॅसेट इतकी वर्षं वेलचीत जपली, त्याला जाऊन सांगायचं की तुमच्या देवाच्या गाण्यात कुणीतरी खिदळलंय?

गुरुवारी लाल खुर्चीवर बसून मी म्हटलं, “तिथं काही नाही, काका. शांत आहे.”

“काहीच नाही?”

“नाही.”

त्यांनी कॅसेट डब्यात ठेवली. झाकण अंगठ्याने चारी बाजूंनी दाबलं. ‘छान त भजेबी’ वगैरे काही म्हणाले नाहीत. “म्हनजे गेलं,” म्हणाले. “मंग नेऊ दे सेक्रेटरीले. पुसायचं ते पुसू दे.”

काकू मला फाटकापर्यंत सोडायला आल्या. एरवी येत नाहीत.

“काय सांगितलं तू त्यायले?”

“शांत आहे म्हटलं.”

“बरं झालं,” त्या म्हणाल्या, पण बरं झाल्यासारखा त्यांचा चेहरा नव्हता. फाटकाची कडी त्यांनी दोनदा लावली, दोनदा काढली. “यायले बारीक आवाज येत नाही आता. दोन वर्षं झाले. कारखान्यानं कान नेले. जाडा आवाज तेवढा दातातून समजते. कोनाले सांगत नाही. म्हनून त लोकायले बसवून विचारते, काय ऐकलं, काय ऐकलं.”

घरी पोचेपर्यंत मला उमगलं. गल्लीतले आम्ही सगळे ज्याला परीक्षा म्हणत होतो, ती परीक्षा नव्हतीच. काका आमच्या कानांनी ऐकत होते. आणि मी त्यांना चुकीचं ऐकवून आले होते.

साहू आंटी पायरीवर मटार सोलत होत्या. सहसा मी आपणहून कुणाशी बोलत नाही, पण त्या दिवशी विचारलं. “आंटी, इलायची वाला डब्बा आपको भी मिला था?”

“हव, मिला था।”

“तीसरे गाने में...”

“कोई हँसी है उसमें,” त्या मान वर न करता म्हणाल्या.

“आपने काका को बताया?”

“अरे बेटा, भगवान का गाना है। उनके मुँह पर कैसे बोल देती?”

बाबांना विचारलं तर त्यांनी पेपर खाली केला. “ऐकलं होतं. पन दुसऱ्याच्या धर्मातलं आपन काय बोलावं? म्हटलं, शांती हाय.”

म्हणजे ज्यांना ज्यांना तो डबा मिळाला, त्या सगळ्यांनी ते हसू ऐकलं होतं, आणि सगळ्यांनी सभ्यपणे लपवलं होतं.

शनिवारी सकाळी मी गेले. काका टेपरेकॉर्डरसमोर मूठ दातात धरून बसले होते. तिसरंच गाणं चालू होतं. काकू आत कणीक मळत होत्या.

“काका, मी खोटं बोलले.”

“काय?”

“मी परवा खोटं बोलले.”

“मोठ्यानं.”

मी खुर्चीवर बसलेच नाही. उभ्यानेच, साहू आंटींच्या पायरीपर्यंत जाईल अशा आवाजात म्हटलं, “तिसऱ्या गाण्यात कुणीतरी हसतं, काका.”

काकांनी पेचकस तोंडातून काढला आणि टेप बंद केली. “आधी काय होते?”

“आधी धप् असा आवाज येतो.”

“तो माह्या पाय. रेकॉर्डिंगच्या दिवशी मले वायर धरायले बोलावलं होतं. चवड्यावर चालत निघालो अन् माइकच्या दांड्याले लागलो. ते येते मले अजून, दातात येते. त्याच्यामागचं नाही येत. मंग?”

“मग एक मुलगी हसते. एकदम येतं ते हसू, आणि लगेच ती तोंडावर हात ठेवते. मग सगळे गायला लागतात आणि ती एकटी अर्धा शब्द उशिरा येते. पूर्ण ओळभर तिच्या आवाजात हसू आहे.”

इतकं सलग आणि इतक्या मोठ्याने मी आयुष्यात बोलले नव्हते. काका माझ्या तोंडाकडे बघत होते. त्यांनी ‘उशिरा येते’ हे ओठांवर स्वतःशी म्हणून पाहिलं.

“उद्या सेक्रेटरी आला की तूबी चाल त्याच्यासंगं,” ते म्हणाले. “कंप्यूटरपाशी बसून सांग त्याले, कुठं हात लावायचा नाही ते.”

मी हो म्हटलं. अनोळखी माणसाबरोबर कंप्यूटरपाशी बसायचं, हे मला घरी गेल्यावर लक्षात आलं.

माझं ‘हो’ संपतं न संपतं तोच आतून काकूंचा आवाज आला. “शीला होती ते.”

“काय म्हनते?” काकांनी मला विचारलं.

“त्या म्हणतात, ती शीला होती.”

“लग्नाच्या आधीपासून हे शीलाचंच नाव सांगते,” काका म्हणाले. “शीला पार त्या कोपऱ्यात होती. माइकपाशी कोन उभं होतं, विचार तुह्या काकूले. त्या हसन्यामुळंच त मी दुसऱ्या रविवारी आपल्या पायानं परत गेलो.”

काकू दाराशी आल्या. काहीतरी बोलायला म्हणूनच आल्या होत्या. पण काकांच्या हातातला तो पेचकस पाहिला की काय कोण जाणे, त्यांना एकदम हसू फुटलं आणि त्यांनी कणकेचा हात तसाच तोंडावर ठेवला. गालाला, नाकाला पीठ लागलं.

त्यांचे खांदे हलताना काकांनी पाहिलं. ते पुढे वाकले, डावा कान त्यांच्याकडे केला, थोडा वेळ तसेच थांबले. मग माझ्याकडे वळले.

“बोल,” ते म्हणाले. “काय ऐकलं?”

“तेच, काका,” मी मोठ्याने सांगितलं. “तेच हसणं आहे.”