सर्वांना चालणारं रूबेन

ओमाहा शहरातल्या आमच्या गल्लीतले सर्वांत जुने रहिवासी व्हर्जिल नोवोत्नी यांच्या निरोपाची तयारी रहिवासी संघाने रीतसर हाती घेतली. बायको गेल्यापासून व्हर्जिल एकटे राहत, आता कायमचे मुलीकडे ॲरिझोनाला चालले होते. त्यांची इच्छा विचारण्यात आली. "भाषण नको, भिंतीवरचं घड्याळ नको," ते म्हणाले. "मार्लिसच्या हातचं रूबेन डिप तेवढं असू दे."

मागणी माफक होती. रूबेन हे आमच्या गावचं सँडविच: राय धान्याचा काळपट पाव, खारवलेलं गोमांस, आंबवलेली कोबी आणि स्विस चीज. न्यूयॉर्कवाले ते आपलं म्हणतात. त्यांच्याशी आम्ही या विषयावर बोलत नाही. व्हर्जिलच्या शेजारणीने, मार्लिस कुचेराने, पाव तेवढा बाजूला ठेवून बाकीचं सगळं बारीक चिरायचं, मऊ चीजमध्ये कालवायचं आणि ओव्हनमध्ये ठेवायचं. वर तपकिरी पापुद्रा धरला, कडेने बुडबुडे आले, की पावाच्या तुकड्याने ओरपायचं. व्हर्जिलच्या बायकोला पुरून आल्यावर मार्लिसने त्यांच्या दारी नेलं ते हेच. कितीतरी दिवसांनी माणूस पोटभर जेवला होता.

संघाचे अध्यक्ष ड्वाइट हॅम्लिन विमा कंपनीतून निवृत्त झाले होते. न घडलेल्या अपघातांची काळजी करण्यात त्यांची हयात गेली होती आणि उमेद अजून शाबूत होती.

"मार्लिस, माझी स्वतःची काही हरकत नाही," ते दारातूनच म्हणाले. "पण कोबीचा वास येतो. कुणाला तरी त्रास होऊ शकतो."

"कुणाला?"

"तेच तर कळत नाही ना. कळलं असतं तर त्यालाच वगळलं असतं."

कोबी वगळण्यात आली. आंबटपणा गेल्यावर मांस खारट लागणार आणि कुणाचा तरी रक्तदाब वाढणार, म्हणून सचिव कॉनी ब्रँट यांनी त्याऐवजी उकडलेली टर्की सुचवली. टर्की कोरडी, म्हणून चीज वाढवावं लागलं. चीज वाढलं तसा कुणाच्या तरी हृदयाचा प्रश्न उभा राहिला, आणि बिनचरबीचं चीज मंजूर झालं. ते काही वितळेना. वितळतच नाही तर तापवायचं कशाला, शिवाय गरम भांड्याने कुणीतरी भाजेल, असं एकमताने ठरलं. पावाच्या जागी सेलरीचे दांडे आले. मग कॉनीबाईंनी सचोटीचा मुद्दा काढला.

"यात आता रूबेनचं काहीच उरलं नाही. तरी रूबेन म्हणायचं, ही दिशाभूल नाही का?"

तेव्हा पाटीवर 'सर्वसमावेशक उबदार मिश्रण' लिहायचं ठरलं. ते गार आहे, हे मार्लिसने लक्षात आणून दिलं.

"उबदार हे भावनेला उद्देशून आहे," ड्वाइट म्हणाले.

मार्लिसने सगळ्याला मान डोलावली. आमच्याकडची बाई वाद घालत बसत नाही. दुसरं भांडं काढते. निरोपाच्या रविवारी मंजूर मिश्रण संघाच्या सभागृहात पोचवून तिने घरी खरं डिप ओव्हनमध्ये ठेवलं आणि व्हर्जिलला फोन केला. "आधी माझ्याकडे ये. मागच्या दाराने."

पण कोबीचा वास पुढच्या दाराने बाहेर पडला. पहिले आले ड्वाइट.

"मार्लिस, हे काय? संघाला न कळवता?"

"घरच्यापुरतं आहे."

"तरी खात्री करून घेतलेली बरी."

त्यांनी एक घास घेतला. खात्री होईना, म्हणून आणखी एक घेतला. त्यांना शोधत कॉनीबाई आल्या आणि खुर्ची ओढून बसल्या. दोघांना शोधत उरलेलं सभागृह आलं. "माझं काही नाही हो, पण बाकीच्यांना सांगू नका," असं प्रत्येक जण बाकीच्यांच्या देखत, भरल्या तोंडाने मार्लिसला सांगत होता.

टाय नीट बांधण्यात वेळ गेलेले व्हर्जिल आत आले, तेव्हा भांड्याचा तळ दिसत होता. ड्वाइटच्या मिशीला चीज होतं.

"तुझ्यासाठीच केलं होतं रे," मार्लिस म्हणाली.

व्हर्जिलनी भांड्यात वाकून पाहिलं, सुरी मागितली आणि कडेला चिकटलेली खरवड सोडवायला घेतली. पावावर ठेवून बराच वेळ चावली.

"कोबी घातलीस," ते म्हणाले, आणि बाहीने डोळे पुसले. "त्या दिवशीसारखीच."

सभागृहातलं मिश्रण जसंच्या तसं परत आलं. त्याने कुणालाही त्रास झाला नाही, असं संघाने समाधानाने जाहीर केलं.

ही हकिगत मी पुण्यात भावाला फोनवर सांगितली. तो व्हर्जिलसाठी हळहळला, ड्वाइटला हसला, आणि मग विचारता झाला, "गोमांसाऐवजी पनीर घातलं तर चालेल का रे?"

तुम्ही त्याला हसू नका. तुम्ही गोमांस वाचताच, दुसऱ्याच परिच्छेदात, मनात पनीरपर्यंत पोचला होतात.