डाव्या हाताचं दालन

"बोलता बोलता कुणाच्याही मागे जाऊ नकोस, ऑब्री," हेस्टर टोस्टला लोणी लावता लावता म्हणाली. "काल पोस्टमनबरोबर गुलाबांवर बोलत चार घरं पुढे गेलास. सपाता घालून!"

ऑब्री फेदरस्टोन हसला. समोरच्याला वाक्य पुरं करू द्यावं, त्याच्यासोबत दारापर्यंत जावं, हा त्याच्या आईचा संस्कार. वीस वर्षांपूर्वी असाच एका म्हाताऱ्या जमीनदाराशी कुत्र्यांवर गप्पा मारत तो एका सभागृहात शिरला. तिथे हुजूर पक्षाची उमेदवार निवड चालली होती. बाहेर आला तो उमेदवार होऊन. पुढे टपाल, रस्ते, मग मासेमारी अशी खाती मिळत गेली. त्याचा राग कुणालाच येत नसे, म्हणून त्याला कुठेही पाठवता येई.

आज मात्र दिवस बाका होता. तीन वर्षं खपून तयार केलेलं हेरिंग माशांच्या जाळ्यांचं विधेयक दुपारी मताला येणार होतं. सोमवारी मंत्रिमंडळात फेरबदल. पक्षाचे प्रतोद कर्नल ब्रॅडिश यांनी स्वच्छ बजावलं होतं, "जाळी तरली तर तुम्ही वर, फेदरस्टोन. बुडाली तर घरी जाऊन गुलाब लावा. आपल्याकडे जेमतेम तीन मतं जास्त आहेत."

चार वाजता ऑब्री चहाच्या खोलीत बसला होता. त्या काळी सभागृहात एकमेकांची सालं काढणारी माणसं चहाला एकाच टेबलावर बसत. समोर मजूर पक्षाच्या एनिड क्लॉफबाई होत्या, लँकेशरच्या, गिरणीत वाढलेल्या.

"तुमच्या घरच्या मुरंब्यात काय घालता हो, मंत्रीसाहेब? माझा दगड होतो."

"आलुबुखार अर्धा कच्चा हवा, बाई. हेस्टर म्हणते—"

घंटा खणखणली. आठ मिनिटांत दारं बंद होणार. विधेयकाच्या बाजूचे उजवीकडच्या दालनात जातात, विरोधातले डावीकडच्या. मग बाहेर पडायचा रस्ता एकच, मतं मोजणाऱ्यांच्या पुढून. एनिडबाई उठल्या. वाक्य अर्धं राहिलं होतं, म्हणून ऑब्रीही उठून त्यांच्याबरोबर चालू लागला.

"—आणि साखर शेवटी. आधी घातलीत तर संपलं!"

तो थांबला. आजूबाजूला एकही ओळखीचा टाय नव्हता. मजूर पक्षाचे दोनशे चेहरे त्याच्याकडे पाहत होते. मागे दार धाडकन बंद झालं.

"अगं बाई!" एनिडबाईंनी तोंडावर हात ठेवला. "तुम्ही स्वतःचंच विधेयक पाडायला आलात की काय?"

पुढे गेला तर त्याचं मत त्याच्याच जाळ्यांविरुद्ध पडणार. कोपऱ्यात पुरुषांचं शौचालय होतं. जन्मात पहिल्यांदाच कुणाचाही निरोप न घेता तो धावला आणि आत जाऊन कडी लावून बसला.

क्षणभरात शेजारचं दार आपटलं. मधल्या फळीखालून तपकिरी बूट दिसले, आरशासारखे चकचकीत. असे बूट सबंध पार्लमेंटात एकाच माणसाचे होते.

"कर्नल?" ऑब्री फळीकडे वाकला. "तुम्ही इथे?"

"तुम्हाला ओढून काढायला आलो होतो, गाढवा!" फळीपलीकडून दबका आवाज आला. "दार माझ्या पाठीवर बंद झालं. आणि या खोपट्याची कडी तुटलीय. पायानं दार रेटून धरलंय मी!"

बाहेरच्या दारावर टकटक झाली. "मंत्रीसाहेब, या की बाहेर," एनिडबाईंचा आवाज. "आमच्यात मोजून घेतो तुम्हाला."

"हलू नका," कर्नल पुटपुटले.

"नाही हलत."

दहा मिनिटं दोघं तसेच बसून राहिले. मग लांबून आकडे ऐकू आले. बाजूनं दोनशे एक्कावन्न, विरोधात दोनशे पन्नास. जाळी तरली होती. दोघांतला एक जरी बाहेर आला असता तरी बरोबरी झाली असती.

"पंतप्रधानांना काय सांगणार?" ऑब्रीनं विचारलं.

कर्नलनी अखेर दारावरचा पाय काढला. "खरं तेच. निर्णायक क्षणी फेदरस्टोन जागचा तसूभरही हलला नाही."

बाहेर एनिडबाई उभ्या होत्या. एकाऐवजी दोघं निघालेले पाहून त्यांनी आ वासला. मग त्या गोड हसल्या. "माझं तोंड बंद राहील. वर्षाला सहा बरण्या मुरंबा."

सोमवारी ऑब्रीला बढती मिळाली. खातं, सरकारी इमारती. पार्लमेंटची वास्तू त्यातच.

पहिल्याच आठवड्यात एनिडबाई सभागृहात उभ्या राहिल्या. डाव्या दालनाशेजारच्या शौचालयाची एक कडी तुटली आहे, हे माननीय मंत्र्यांना ठाऊक आहे काय?

ऑब्री शांतपणे उठला. "मी तिथे जातीनं, बराच वेळ, पाहणी केली आहे. कडी उद्या बसेल."

मागच्या बाकावर कर्नलना जबर ठसका लागला.

इतक्यात मतदानाची घंटा झाली. एनिडबाई जाता जाता टेबलाजवळ थबकल्या. "परवाच्या मुरंब्यात लवंग होती का हो?"

"दालचिनी, बाई," म्हणत ऑब्री त्यांच्या बाजूनं दोन पावलं चालला. तिसरं काही पडेना. मागून कर्नलनी त्याचा कोट दोन्ही मुठींत घट्ट धरला होता.