टेलरकाकांना सिनेमा आवडला

सिनेमा चालणार की पडणार हे आपल्याला सुरुवातीच्या पाट्या संपायच्या आत कळतं, असं टेलरकाका छातीठोकपणे सांगायचे. आता आजवर त्यांना चालणारा एकही सिनेमा भेटला नव्हता, ही गोष्ट वेगळी. "पडेल," एवढंच म्हणायचे. त्यामुळे अख्ख्या गल्लीत त्यांचं नाव पडेलकाका झालं होतं, तोंडावर मात्र टेलरकाका.

दुकान थिएटरच्या बरोब्बर समोर. दर शुक्रवारी दुपारी मशीनवर कापड झाकून काका पहिल्या खेळाला जायचे, खांबाशेजारच्या कोपऱ्यातल्या खुर्चीत बसायचे आणि शनिवारी गळ्यात टेप अडकवून निकाल सांगायला मोकळे. मारामारीचा सिनेमा आला तेव्हा म्हणाले, "डझनभर माणसं लोळवली आणि काखेतली शिवण उसवली नाही. असा शर्ट मला कोणी शिवून दाखवा." राजाचा आला, तर राजाच्या अंगरख्याला यांना चेन दिसली. भुताचा आला, तर म्हणे भूतच इतकं बोलतं की घरातल्यांना घाबरायला वेळ मिळत नाही. प्रेमाचा आला तेव्हा काही बोललेच नाहीत, नुसती जांभई दिली. त्या जांभईने रविवारचे तिन्ही खेळ रिकामे गेले.

कारण लोक ऐकायचे त्यांचं. मापाला हात वर करून उभा असलेला माणूस वाद घालत नाही.

एका गुरुवारी थिएटरच्या मालकीणबाई दुकानात आल्या. नवरा गेल्यापासून तिकिटाच्या खिडकीत त्या स्वतःच बसत. शिवायला काही आणलेलं दिसत नव्हतं.

"काका, एक विचारू? तुम्ही आमचे कोण लागता?"

"कोण म्हणजे?"

"वैरी वगैरे?"

बाई स्टुलावर बसल्या. "गोदामवाला मागे लागलाय. त्याला खोकी ठेवायला जागा हवी आहे. या रविवारी हॉल भरला तर त्याला नाही म्हणेन. नाही भरला तर खुर्च्या भंगारात घालते आणि सुटते."

काकांनी गळ्यातली टेप काढून ठेवली. सिनेमाला नावं ठेवणं वेगळं आणि नावं ठेवायला सिनेमाच नसणं वेगळं. मुलगी लग्न होऊन परगावी, घरात दोघंच, आणि दोघांत बोलण्यासारखं होतं ते कधीच बोलून झालेलं. शुक्रवार गेला तर आठवड्यात उरलं काय? लोकांच्या कंबरा.

"बाई, या खेपेला मी चांगला म्हणेन," काका म्हणाले. "काय जातंय माझं? उचलली जीभ, लावली टाळ्याला."

शुक्रवारचा सिनेमा नेमका आजारी बापाचा निघाला. बाप पहिल्या पाटीपासून खाटेवर. मुलगे एकेक करून येतात, रडतात, जातात. बाप कोणालाही वाईट म्हणून बोलत नाही. मध्यंतरानंतर तर तो खोकायचंही सोडून देतो. आणि एवढे महिने अंथरुणाला खिळलेल्या त्या माणसाच्या पायजम्याची इस्त्री शेवटपर्यंत मोडली नव्हती. काकांनी जीभ दातांखाली धरून ठेवली.

शनिवारी सकाळी गणिताचे सर पँटचं कापड घेऊन आले. मापाला उभे राहिले आणि सवयीने विचारलं, "कसा आहे?"

"चांगला आहे."

सरांचे हात आपोआप खाली आले. "कोण चांगला आहे?"

"सिनेमा. बापाचं काम मनाला भिडलं हो. घरच्यांना घेऊन जा."

"तुम्हाला बरं आहे ना काका?"

"मला काय धाड भरलीय?" काका म्हणाले, पण चेहरा इतका पडलेला, की सर कापड ठेवून तडक शेजारच्या औषधवाल्याकडे गेले.

औषधवाल्याने आवाज खाली आणला. "परवाच डॉक्टरांकडे आले होते. दार लावून तपासलं. जाताना मी विचारलं, काय औषध देऊ? तर म्हणाले, डॉक्टर म्हणतात औषधाचा आता उपयोग नाही."

काकांच्या पायाला कुरूप झालं होतं. चपला बदला म्हणून डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण हे विचारतो कोण? आयुष्यभर सगळ्यांना नावं ठेवणारा माणूस एकदम गोड बोलायला लागला, यातच सगळं आलं, असं दोघांचंही मत पडलं.

दुपारपर्यंत दुकानात रीघ लागली. पहिला आला बँकेतला कारकून.

"काका, माझा कोट…"

"एकच बाही झालीय अजून."

"तेवढाच द्या."

"एका बाहीचा कोट घालणार तुम्ही?"

"घालीन कसाही. तुम्ही दगदग करू नका."

मग कोणी बिनगुंड्यांचे शर्ट नेले, कोणी नुसतं खडूच्या खुणा केलेलं कापड नेलं. सरांनीही पँटचं कापड मागून घेतलं. जाताना प्रत्येक जण काकांचा हात दोन्ही हातांत धरून उभा राहायचा. संध्याकाळी फळ्या रिकाम्या झाल्या. एक सिनेमा चांगला म्हटला म्हणून आपल्या हातावरचाही विश्वास उडाला लोकांचा, असं वाटून काका हिरमुसले होऊन घरी गेले.

एरवी दारातच काकूंच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा. त्या दिवशी त्यांनी हातातली पिशवी घेतली, पाणी दिलं, पाठीशी उशी ठेवली.

"दमलात का हो?" काकू म्हणाल्या. "सिनेमा चांगला होता म्हणे?"

"हो. बरा होता."

काकूंनी पदर डोळ्यांना लावला. तेवढ्यात मुलीचा फोन.

"बाबा, मी उद्या येतेय."

"का गं?"

"असंच. सहज."

लग्नानंतर ती सहज म्हणून कधी आली नव्हती. काकांनी फोन ठेवला आणि पहिल्यांदाच त्यांना धास्ती वाटली. या सगळ्यांना काहीतरी ठाऊक आहे, आपल्यालाच सांगत नाहीत. कुरुपाने माणूस मरतो का, हे डॉक्टरांना विचारायचं राहूनच गेलं होतं.

रविवारी संध्याकाळी हॉल खच्चून भरला. जाता जाता माणूस खोटं कशाला बोलेल, असा सरळ हिशेब. बायकापोरांसकट लोक आले होते. काकांना एका बाजूने काकूंनी धरलं होतं, दुसऱ्या बाजूने मुलीने. कोपऱ्यातल्या खुर्चीवरून सर चटका बसल्यासारखे उठले. लोकांनी वाट दिली. एवढा मान काकांना कधी मिळाला नव्हता, आणि त्यांना तो नकोसा झाला होता.

सिनेमा सुरू झाला. बाप खाटेवर पडला. आता मात्र काकांना त्या बापाचं सगळं पटायला लागलं. धाकटा मुलगा आला तेव्हा त्यांनी आपल्या मुलीचा हात धरला. आपणही कोणाला वाईट बोलायला नको होतं, असं त्यांना मनापासून वाटलं. मग बापाने कूस बदलली आणि पडदाभर तो पायजमा दिसला, कडक इस्त्रीचा, सुरीसारखी घडी असलेला.

काका उभे राहिले. "अरे, मरायला टेकलेला माणूस इस्त्री करून झोपतो का रे? भिकार सिनेमा आहे! पडेल!"

लोक माना वळवून बघायला लागले. मग काकूंनी धरलेला दंड सोडून दिला.

"चारचौघांत ओरडायला काही लाज? बसा खाली. कालपासून माझ्या जिवाला घोर लावलात आणि इथे पायजमे बघताय!"

काका खाली बसले. एवढ्या शिव्या खाऊन इतकं बरं त्यांना आयुष्यात वाटलं नव्हतं. आपण मरत नाही, याची यापेक्षा पक्की खात्री कोणता डॉक्टर देणार?

खेळ सुटल्यावर ते लंगडत तिकिटाच्या खिडकीशी गेले. "बाई, भरला की नाही हॉल? आता गोदामवाल्याला नाही सांगा."

मालकीणबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. "तुम्ही बरे आहात?"

"कुरूप झालंय हो पायाला. बाकी ठणठणीत."

बाईंनी कपाळाला हात लावला. "काल संध्याकाळी सरांनी सांगितलं, तुमचं काही खरं नाही. मी लगेच गोदामवाल्याकडे जाऊन सही करून आले."

"अहो, पण रविवारपर्यंत थांबणार होतात ना?"

"कोणासाठी थांबू, काका? दर शुक्रवारी पहिल्या खेळाला तुमचं एक तिकीट तेवढं हमखास फाटायचं. तेच नाही म्हटल्यावर खिडकीत बसावंसंच वाटेना."

वैरी म्हणवून घेतलेला माणूस, तो काय बोलणार?

महिन्याभरात खुर्च्या निघाल्या. नंतरच्या शुक्रवारी दुपारी काकांनी सवयीने मशीनवर कापड झाकलं, दारापर्यंत गेले आणि तिथेच थांबले. समोर टेंपोतून खोकी उतरत होती. गणिताचे सर तेच पँटचं कापड घेऊन आले होते. तेही शेजारी उभे राहून बघत राहिले.

"कसं वाटतं काका, गोदाम?" सरांनी शेवटी विचारलं.

एक खोकं आत गेलं, मग दुसरं, मग तसंच तिसरं.

"सुरुवातच रटाळ आहे," ते म्हणाले. "पडेल."

सरांना हायसं वाटलं. त्यांनी हात वर केले आणि मापाला उभे राहिले.